पडदा काळा होतो

१

दादाचं काम काय, हे लोकांना समजावून सांगण्यातच त्याचा निम्मा जीव जायचा. आंधळ्यांना सिनेमा दाखवतो, असं म्हटलं की समोरचा आधी हसायचा, मग हसलो म्हणून ओशाळायचा. पण काम खरंच तेच होतं. पडद्यावरची माणसं बोलायची थांबली की मधल्या फटीत दादाचा आवाज यायचा. बाई खिडकी लावते. मुलगा जिना उतरतो, चपला हातात. फट संपायच्या आत वाक्य संपायला हवं, नाहीतर ते पुढच्या संवादाच्या पायात येतं. त्यामुळे दादाला शब्दांच्या काटकसरीची सवय लागली होती. बायको म्हणायची, "तुमच्याशी धड भांडायचीही सोय नाही. दोन शब्दांत गुंडाळता."

या धंद्याचे नियम दोनच. पहिला, जे दिसतं ते सांगायचं, जे वाटतं ते नाही. बाई दुःखी आहे असं म्हणायचं नाही, बाई ताट बाजूला सारते म्हणायचं. दुसरा नियम इतका साधा आहे की नव्या माणसाच्या हातून हमखास तोच राहतो. शेवटी 'पडदा काळा होतो' हे सांगायचंच. डोळस माणसाला ते दिसतं, तो उठून चपला शोधायला लागतो. आंधळा माणूस मात्र अजून काहीतरी व्हायचं असेल म्हणून बसून राहतो.

हा दुसरा नियम दादाला कुणी शिकवला नव्हता. तो त्याला धाकट्या बहिणीमुळे कळला होता.

बहीण जन्मापासून आंधळी. घरात सगळे तिला ठकी म्हणायचे. लहानपणी दोघं सिनेमाला जायची, ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला. तो तिच्या कानाशी कुजबुजायचा आणि जरा थांबला की ती कोपराने ढोसायची. "आता?" एवढंच. म्हणजे आता काय चाललंय, सांग. मागचे लोक वैतागायचे. ठकी वळून म्हणायची, "तुम्हाला फुकट ऐकायला मिळतंय, तक्रार कसली करता?"

एकदा सिनेमा संपता संपता तो पाणी प्यायला म्हणून पळाला, बाहेर मित्र भेटले, आणि पठ्ठ्या बहिणीला विसरला. आठवण झाली तेव्हा धापा टाकत आत आला तर झाडूवाला निम्म्या रांगा झाडून मोकळा झाला होता आणि ठकी आपल्या जागेवर ताठ बसलेली होती, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं टेकवून. जग जागेवर आहे ना, हे ती तसंच बघायची.

"तू संपलं म्हणालाच नाहीस," ती म्हणाली. "मग मी उठू कशी?"

तेव्हापासून ठरलंच. दादाने "संपलं, ठके, ऊठ" म्हणायचं, मग तिने उठायचं. मोठेपणी त्याचा हा कुजबुजण्याचा छंदच पोटापाण्याचा धंदा झाला. असा प्रत्येक सिनेमा बाहेर जाण्याआधी एखादा आंधळा माणूस ऐकून तपासतो. ते काम ठकी करायची, आणि दादाच्या चुका काढताना तिच्या अंगात दहा हत्तींचं बळ यायचं.

या उन्हाळ्यात ती गेली. शेवटच्या दुपारी दादा दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून एक हलकाफुलका सिनेमा सांगत होता. अर्ध्यावर तिचा डोळा लागला. झोपू दे, उद्या पुढचं सांगू, म्हणून त्याने लॅपटॉप मिटला. सकाळी फोन आला. तो सिनेमा तसाच अर्धा राहिला.

२

पावसाळा सरता सरता जपानी सिनेमा आला. जुना, काळा-पांढरा, जाणत्यांच्या वर्तुळात फार नावाजलेला आणि फार छळणारा. संवाद आपल्या भाषेत आधीच करून झाले होते. दादाने फक्त फटी भरायच्या होत्या.

गोष्ट म्हणाल तर काहीच नव्हती. तळ्याकाठचं घर, म्हातारे आईवडील, मुलगा, सून. पण मधूनच सगळं थांबायचं. आई किटलीतून चहा ओतते आहे आणि ओतता ओतता थांबते. किटली तिरकी ती तिरकीच. तिचा चेहरा खोलीच्या कोपऱ्याकडे वळतो. तिथे सरकत्या दाराशी बसायची एक गादी आहे, तिच्यावर अख्ख्या सिनेमात कुणी बसत नाही. आई बराच वेळ तशीच राहते. मग मान किंचित हलवते आणि उरलेला चहा ओतते. वडील वाचताना असेच थांबतात. तळ्यावर बायका धुणं धुतात, त्यांचे पिळायला घेतलेले कपडे हातात तसेच राहतात आणि सगळ्यांचे चेहरे एकाच बाजूला. का, ते कुणी सांगत नाही. शेवटी रिकामी खोली, अर्धवट सरकवलेलं दार, आणि मग लांबच लांब काळोख.

यावर विद्वानांनी ढीगभर लिहून ठेवलं होतं. व्यक्ती तितक्या प्रकृती. कुणी म्हणे, ती युद्धात गेलेल्या मुलाची हाक ऐकते. कुणी म्हणे, घराच्या मनातलं पाप बोलतं आणि ती होकार देते. एकाने तर नट ओळी विसरले असतील आणि दिग्दर्शकाने तेच ठेवून दिलं असेल, असंही म्हटलं होतं. आईची ती मान होकाराची, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

दादाने लिहिलं, 'आई मान हलवते.' होकार की नकार, ते त्याला दिसत नव्हतं.

३

दादाचा आवाज टिपायचं काम कानसेनचं. तानसेन व्हायला घराबाहेर पडलेला हा माणूस शेवटी काचेपलीकडे हेडफोन लावून बसला, म्हणून कानसेन. दोघांची जोडी जुनी. एरवी त्यांचा अर्धा दिवस कापाकापीत जायचा. वाक्य लांबलं, विशेषण काढ, क्रियापद बदल, तरी एखादा शब्द फटीबाहेर राहतोच.

या सिनेमात कापावं लागेना. वाक्य फटीत असं बसायचं जसं बरणीवर तिचं जुनं झाकण.

"आज फॉर्मात आहात दादा," कानसेन म्हणाला.

मग त्यांनी चहाचं दृश्य चालवून बघितलं. आई थांबली. चेहरा कोपऱ्याकडे वळला. दादाचा आवाज आला: "दाराशी रिकामी गादी. बाहेर झाडं हलतात." आवाज संपला आणि आईने मान हलवली. चहा ओतायला लागली.

कानसेन हसला. "तुमचंच ऐकतेय की ही."

पुढे वडील थांबले. दादाचा आवाज म्हणाला, "वडील पान उलटत नाहीत." वडिलांनी दचकल्यासारखं खाली बघितलं आणि पान उलटलं.

आता कानसेन हसला नाही. तो पुढचं ऐकत राहिला. दादाला वाटलं, यात काय, आपण फटी मोजूनच तर लिहितो, मग बरोबर बसणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. खात्री करायला म्हणून त्याने धुण्याच्या दृश्यातली ओळ मुद्दाम लांबवली, उगीच पाण्यावरचा उजेड घातला, काठावरची टोपली घातली. एवढं सगळं त्या फटीत मावण्यासारखं नव्हतं. ते मावलं. टोपली हा शब्द संपला तेव्हा कुठे बायकांचे हात हलले. कानसेनने एकदा घड्याळ बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

शेवटचं दृश्य आलं. "रिकामी खोली," दादा म्हणाला. "दार अर्धवट उघडं." पडदा काळा झाला.

काचेपलीकडून कानसेन वाट बघत होता. "दादा, शेवटची ओळ?"

दादाने तोंड उघडलं. आयुष्यात हजारदा म्हटलेली ओळ, पण ठकी गेल्यानंतरचं हे पहिलंच काम. त्याने तोंड मिटलं.

"उद्या घेऊ," तो म्हणाला.

कानसेन समजूतदार. त्याने मान डोलावली, आणि मास्तर खोळंबले होते म्हणून झालं तेवढं काम तपासायला पाठवून दिलं.

४

मास्तर म्हणजे ठकीच्या जागी आलेले तपासनीस. निवृत्त संगीतशिक्षक, तेही आंधळे, एकटे राहणारे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"काम झकास आहे," मास्तर म्हणाले. "फक्त दोन गोष्टी. शेवटी तुम्ही पडदा काळा झाल्याचं सांगितलंच नाही. मी आपला बसून. चहा गार झाला तेव्हा मला शंका आली."

"चुकलं मास्तर. ती ओळ घ्यायची राहिलीय."

"ते असू दे. दुसरं म्हणजे ती बाई कोण?"

"कोणती? सून?"

"सून नाही हो. सून नाकात बोलते. ही तुमच्या प्रत्येक ओळीच्या आधी हळूच विचारते. तिने विचारलं की तुम्ही सांगता. कल्पना चांगली आहे, ऐकणाऱ्याला सोबत वाटते. पण आपल्यात अशी पद्धत नाही, म्हणून विचारलं."

दादा उठून उभा राहिला. "काय विचारते?"

"एकच शब्द. 'आता?'" मास्तर म्हणाले. "ती विचारते ना, तेव्हाच सिनेमातली सगळी थांबतात. आणि शेवटी मी बसून होतो म्हटलं, तेव्हा तीही बसून होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी हेडफोन काढले, तरी येत होता."

५

कानसेनने एकेक ध्वनिपट्टी वेगळी करून ऐकवली. संवादांची, वाऱ्यापाण्याची, दादाच्या आवाजाची. कशातही काही नव्हतं. "म्हाताऱ्यांना भास झाला असेल," तो म्हणाला, पण त्या दिवशी त्याने आपली खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवली.

दादाही स्वतःला तेच बजावत होता. म्हातारा माणूस, एकटा राहतो, कानात हेडफोन. पण 'आता?' हा शब्द मास्तरांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ठकीला ते कधी भेटले नव्हते. आणि या दुःखातही दादाच्या मनाच्या तळाशी एक लाजिरवाणा आनंद होता. कुणीतरी अजून विचारत होतं. त्या आनंदाचीच त्याला जास्त भीती वाटली.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हसेल, नाहीतर डॉक्टरकडे चला म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. तिने निवडणं थांबवलं नाही.

"शेवटची ओळ का नाही म्हणालात?" तिने विचारलं.

"नाही निघाली तोंडातून."

"म्हणजे वन्सं बसल्यात."

"अगं, असं कसं..."

"मला काय माहीत कसं ते. पण वन्संचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही ऊठ म्हणेपर्यंत त्या उठायच्या नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा तिघं सिनेमाला गेलो, दिवे लागले, मी हात धरून उठवायला गेले तर म्हणाल्या, वहिनी, दादा अजून बोलला नाही."

दादा खाली बघत राहिला. "मी म्हटलं तर ती जाईल."

"आणि नाही म्हटलं तर?"

त्याने समोरची एक जुडी ओढून घेतली.

"तर काळोखात बसून राहतील," बायको म्हणाली. "तिथे झाडूवालासुद्धा यायचा नाही." आणि मग तिचेच डोळे भरून आले. नणंद-भावजयीचं या घरात कधी वाकडं नव्हतं. "उन्हाळ्यापासून बसल्यात हो. उठवा त्यांना."

रात्री दोघंही जेवणावरून लवकर उठली.

६

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दादा माईकसमोर बसला. ती खोली तशी लहानच. जाड पडदे, सिनेमाचा छोटा पडदा, एक खुर्ची. दार लावलं की बाहेरचं जग कापून टाकल्यासारखं व्हायचं. आजवर त्याला त्यात सुख वाटायचं.

"शेवटचं दृश्य फक्त," तो म्हणाला. कानसेनने चालवलं.

रिकामी खोली. दाराशी गादी. हे दृश्य त्याला तोंडपाठ होतं. भिंतीवरची सावली, चटईची उसवलेली कड, अर्धवट सरकवलेलं दार आणि त्यामागचा अंधार. त्याने म्हटलं, "रिकामी खोली. दार अर्धवट उघडं."

आणि तो थांबला, कारण गादीला खळगा होता. कुणीतरी नुकतंच उठल्यावर पडतो तसा. किंवा कुणी बसलं असल्यावर.

त्याने काचेकडे बघितलं. कानसेन मान खाली घालून बटणं बघत होता. दादाने पुन्हा पडद्याकडे नजर वळवली. दाराच्या कडेवर, खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर, दोन बोटं होती. नुसती टेकवलेली. दार जागेवर आहे ना, हे बघणारी.

डाव्या कानाशी, हेडफोनच्या आत नव्हे, बाहेर, कुणीतरी विचारलं, "आता?"

दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते त्याला पुसताही येईना. पण या कामात त्याची हयात गेली होती. जे दिसतं ते सांगायचं.

"दाराच्या कडेवर दोन बोटं," तो म्हणाला.

बोटं तशीच राहिली. मग चित्र विरत गेलं आणि काळोख आला. तो लांबच लांब काळोख. एरवी इथे नावं येण्याआधी नुसती फीत फिरायची. आज त्या काळोखात कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं. दादाला लहानपणचं ते रिकामं थिएटर आठवलं, झाडूचा खरखर आवाज आठवला. अजून जरा वेळ, त्याला वाटलं. अजून जरा वेळ असंच शेजारी शेजारी बसलो तर कुणाचं काय जातंय? आणि त्याच क्षणी त्याला कळलं की हा वेळ आपला आहे, तिचा नाही. ती सिनेमा बघत नव्हती. ती थांबली होती.

"पडदा काळा होतो," दादा म्हणाला. आवाज नीट आला. मग कागदावर नसलेलं तो म्हणाला. "संपलं, ठके. ऊठ."

काही झालं नाही. आणि मग त्याच्या खुर्चीच्या पाठीवर, डाव्या बाजूला, थोडंसं वजन आलं. दोन बोटांचं असेल, जास्त नाही. जरा वेळ राहिलं आणि गेलं. दादाने मागे वळून बघितलं नाही. वाटेत थांबलेल्या माणसाकडे बघत बसलं की त्याचा पाय निघत नाही.

दिवा लागला. कानसेनचा आवाज आला. "दादा, ते शेवटचं काढून टाकू ना? 'ठके' वगैरे?"

"मास्तरांना तसंच पाठव," दादा म्हणाला. "मग काढ."

७

मास्तरांचा फोन संध्याकाळी आला. बराच वेळ ते नुसते खाकरत होते.

"आज मधे कुणी विचारलं नाही," शेवटी ते म्हणाले. "तुमचाच आवाज. शेवटी तुम्ही ते म्हणालात, आणि ती उठली."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"माझी खोली अरुंद आहे. खुर्ची दाराच्या वाटेत येते. शेजारून कुणी निघालं की कळतं. मी पाय आवरून घेतले, तिला जायला वाट नको का?" मास्तर म्हणाले. "माझं दार करकरतं, दादा. ते करकरलं. मग काही नाही."

"बरं झालं," दादा म्हणाला.

नंतर कानसेनने ती जादाची ओळ काढली, सिनेमा बाहेर गेला, लोकांनी नावाजला. तो बाहेर जाण्याआधी दादाने एकदा सलग बघितला होता. गादी सपाट होती. दारावर काही नव्हतं. त्याची वाक्यं फटींत ठीकठाक बसत होती, एखाददुसरं जरा सांडत होतं. धुण्याची टोपली तर पुढच्या संवादाच्या पार पायात आली होती, आणि कानसेनने ती निमूटपणे कापली. नवा सिनेमा आला. चांगला बोलका, फटी कमी. दादा पहिल्या फटीशी आला आणि ओळ म्हणायच्या आधी क्षणभर थांबला. कानसेनने काचेवर टिचकी मारली तेव्हा भानावर आला. हे पुढे नेहमीचंच झालं. कानसेनने कधी विचारलं नाही, तो नुसता थोडी जास्त फीत सोडून ठेवायला लागला.

एका रविवारी सकाळी बायको पेपर वाचत होती आणि दादा चहा ओतत होता. ओतता ओतता तो थांबला. किटली तिरकी ती तिरकीच राहिली. चेहरा खोलीच्या डाव्या कोपऱ्याकडे वळला. तिथे ठकीची खुर्ची अजून तशीच होती, कुणी हलवली नव्हती.

बायकोने पेपर खाली केला.

"काही ऐकू आलं?" तिने हळूच विचारलं.

दादाने मान किंचित हलवली आणि उरलेला चहा ओतला.